विहिरीच्या कातळाखालची गोगलगाय

मंडळी, विहिरीवरून आलो तो थेट लिहायलाच बसलोय.

डोळखांबला मामाच्या विहिरीचं खोदकाम चालू आहे. आज काळ्या कातळाखाली राखाडी दगडाचा थर लागला. त्यातलं एक ढेकूळ फुटलं, तर आत दगड झालेली गोगलगाय!

"टाक रे, आपल्या भातखाचरातलीच ती," मामी म्हणाली. "लावणीला पायाखाली किती चिरडतात."

मी भूशास्त्र शिकतो. म्हटलं, "मामी, हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो यायच्या आधी इथं तळं होतं. त्या तळ्यावर डायनासोर पाणी प्यायला यायचे, तेव्हाची ही."

मामीने पदराने ती पुसली. उजेडात धरून फिरवून बघितली.

"एवढाली जनावरं नाय उरली, आन ही अजून आमच्या चिखलात?"

यंदा लावणीला मी पाय जपून टाकणार. तुम्ही?