ओट्यावरचं वाचन

अण्णांशी मी एकदाच खोटं बोललो, आणि त्या खोट्याने त्यांची सगळ्यात चांगली सवय मोडली. आज पन्नाशीला आलो तरी ते सलतं.

अण्णा जुन्नरात एक लहानसं साप्ताहिक चालवत. मी त्यांच्या हाताखाली बातम्या लिहीत असे. कुठलाही मजकूर छापायला जाण्याआधी अण्णा तो घराच्या ओट्यावर मोठ्याने वाचत आणि बाजाराला निघालेल्या कोणालाही हाक मारून ऐकवत. कधी मारवाडी शेठजी, कधी कागद बनवणारे चाचा, कधी डोक्यावर पाटी घेतलेली बाई. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली, की अण्णांची लेखणी तिथे काट मारी.

लेण्याद्रीवरचा माझा लेख चाचांनी शेवटपर्यंत ऐकला. "लई झ्याक लिवलंय, राव. पर वर पाणी मिळतं का न्हाई, ते ऱ्हायलंच की!"

अण्णा पगडी सरकेपर्यंत हसले. मग मला म्हणाले, "तुझं वाक्य नटून बसलंय. त्याला कामाला लाव."

साधं, नेटकं वाक्य जमलं, की ते मला पुन्हा वाचायला लावत आणि आतून गूळ-शेंगदाणे मागवत.

एका पावसाळ्यात दरड कोसळून नाणेघाटाची वाट बंद झाली. अण्णा तापाने अंथरुणावर होते. मी लिहिलं, 'सह्याद्रीच्या त्या पुरातन पाषाणसोपानाने यंदा पर्जन्यराजापुढे मस्तक नमविले आहे.' वाक्य मला फार आवडलं होतं. कोणी हसेल म्हणून ओट्यावर वाचलं नाही, तसंच छापायला दिलं.

"घाटाची बातमी ओट्यावर वाचलीस ना?" अण्णांनी आतून विचारलं.

"हो," मी म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात येडगावचा एक बैलवाला दारात आला. "तुमचा अंक दुसऱ्याकडनं वाचून घ्येतला व्हता आमी. वाट बंद हाय असं कुटं व्हतं त्यात? दरडीत बैलाचा पाय मोडला माजा!"

अण्णांनी अंगात ताप असताना बाहेर येऊन त्याला हात जोडले. पुढच्या अंकात छापलं, 'नाणेघाट बंद आहे. हे आधी स्पष्ट सांगितले नाही, ही संपादकाची चूक.'

त्यानंतर ओट्यावरचं वाचन थांबलं. "इतक्यांनी ऐकूनही कोणाला खटकलं नाही," ते म्हणत, "आता कोणाच्या कानावर भरवसा ठेवू?" चाचा जाता-येता विचारत, "काय अण्णा, आमी भैरे झालो का?" अण्णा ओशाळं हसत आणि आत एकटेच खोडत बसत. मी शेजारी बसून पुढच्या बातम्या लिहीत असे.

एका बाजारच्या दिवशी चाचा न थांबताच पुढे गेले. अण्णा दारात उभे राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी समोर जाऊन म्हणालो, "अण्णा, घाटाची बातमी मी ओट्यावर वाचलीच नव्हती. तुमच्याशी खोटं बोललो. चाचांचा दोष नाही, तुमच्या रीतीचाही नाही. चूक माझी आहे. मला क्षमा करा."