आबांच्या काळ्या गोळ्या

सणसरला माझं मेडिकल आहे आणि माझं तोंड फटकळ आहे. गावात या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात. "औषध चांगलं देती, पर आधी ऐकून घ्यावं लागतंय," असं माझ्या दुकानाबद्दल बोलतात, आणि ते काही खोटं नाही. चिठ्ठीशिवाय ताकदीची गोळी मागायला आलेल्याला मी गोळी देत नाही, चार शब्द मात्र फुकट देते.

माझं माहेर सुप्याच्या बाजूला, वस्तीवर. तिकडं ऊस नाही, पाणी बेताचं, बाजरी आणि थोडी डाळिंबं. पूर्वी आमच्या घरात मेंढरं होती. मी चौथीत असताना आबांनी ती विकली. माझा भाऊ आता कंपनीत जातो. मेंढरांबरोबरचं बाकी सगळं गेलं, पण गजी राहिली. बिरोबाच्या जत्रेला दिवसभर ढोल वाजतात आणि आमच्याकडचे पुरुष पायघोळ पांढरे झगे, फेटे घालून, हातात रंगीत रुमाल घेऊन गोलात नाचतात, ती गजी. त्या गोलात सगळ्यांत पुढं माझे वडील असायचे. सत्तरी ओलांडली तरी. आबा गिरकी घ्यायचे आणि झग्याचा घेर उघडायचा, तेव्हा मला अजूनही वाटायचं की हा माणूस माझा आहे हे सगळ्या जत्रेला ओरडून सांगावं.

मग गुडघे गेले. सलग दोन जत्रा आबा कडेला खुर्चीत बसले. ढोल सुरू झाला की त्यांची बोटं मांडीवर चालायची. "आबा, वय झालं आता, बसून बघायचं," असं शहाणपण मी त्यांना दोन्ही वेळा शिकवलं.

गेल्या वर्षी मात्र नवल झालं. जत्रेच्या आधी महिनाभर आबा काठी सोडून हिंडायला लागले, आणि जत्रेत चक्क नाचले. नंतरही तब्येत सुधारतच गेली. जेवण वाढलं, गाल भरले, चेहरा कसा गोल गरगरीत दिसायला लागला. मी भावजयीला म्हटलं, "बाई, तुझ्या हाताला यश आहे गं." दुकानात बसून दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची सूज मी लांबून ओळखते. बापाच्या चेहऱ्यावरची मला तब्येत वाटली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दिवाळीच्या आधी माझ्या लेकीचा पुण्याहून फोन आला. ती तिथं फार्मसी शिकते. कॉलेजात वादविवाद होता. विषय असा, की मोठमोठे संगीत महोत्सव होतात, तिथं काही पोरं नशेच्या गोळ्या घेतात, तर त्या गोळ्यांत नेमकं काय आहे हे तपासून द्यायची सोय तिथंच असावी का. ती 'असावी' या बाजूनं बोलणार होती आणि तिला माझ्याकडून मुद्दे हवे होते. मुद्दे कसले! मी तिला धारेवर धरलं. "तपासून द्यायचं म्हणजे खा म्हणूनच सांगायचं की! उद्या चोराला कुलूप तपासून द्याल. आणि काय गं, तू जातेस का असल्या ठिकाणी?"

ती म्हणाली, "बघ, तुझा पहिला प्रश्न हाच. म्हणूनच कुणी घरी विचारत नाही."

उलट उत्तर दिलं म्हणून मी फोन ठेवून दिला.

भाऊबीजेला आम्ही मायलेकी वस्तीवर गेलो. जेवणं झाली आणि आबांनी पानासाठी चंची सोडली. सुपारी आणि चुन्याची डबी यांच्यामध्ये प्लास्टिकची एक पुडी होती. तिच्यात मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या.

"आबा, ह्या कसल्या?"

"मुळ्यांच्या हायत. गुडघ्यावर."

"दिल्या कुणी?"

"बाजारला एक जण येतोय जीप घिऊन. गजीतली निम्मी माणसं घेत्यात. लई गुण हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. असल्या पुड्यांमध्ये काय काय घातलेलं असतं, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. आणि माझाच बाप! मग मी जो तोंडाचा पट्टा सोडला तो सुनेसमोर, नातवंडांसमोर, शेजारी आले होते त्यांच्यासमोर. शेवटी पुडी उचलली आणि अंगणात पाणी तापवायच्या चुलीत टाकून दिली. लेक "आई, थांब, आई," म्हणत मागून आली, पण मी कुणाचं ऐकणार? आबांनी चंचीची दोरी गुंडाळली आणि पान न खाताच गोठ्याकडं गेले. मी सणसरला परत येताना फार मोठं काम केल्यासारखी आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन. आबा अंथरुणातून उठेनात, सारख्या उलट्या, डोळ्यांपुढं अंधारी. मी लेकीला घेऊन निघाले ती थेट बारामतीच्या दवाखान्यात. तोवर भावानं त्यांना तिथं आणलं होतं. आबांचे हात गार होते आणि ते मला ओळखत होते की नाही कळत नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून थोडी मोठी असेल. तिनं रक्तदाब बघितला, चेहरा बघितला, दंडावरचे काळेनिळे डाग बघितले आणि विचारलं, "काय घेत होते हे? किती महिने?"

"काळ्या गोळ्या. सात-आठ महिने असतील."

"आणा बघू."

"जाळल्या मी."

"कधी?"

"भाऊबीजेला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. भाऊ मध्येच म्हणाला, "ताईचं सणसरला मेडिकल हाय." त्यानं हे का सांगितलं देव जाणे. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. कारण त्या एका क्षणात मला सगळं समजलं होतं. गोल चेहरा, वाढलेली भूक, डाग. गोळ्यांत स्टिरॉइड असणार. महिनोन्‌महिने पोटात गेलेलं स्टिरॉइड एकाएकी बंद केलं तर माणूस कोसळतो, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. आबांना गोळ्यांनी पाडलं नव्हतं. मी पाडलं होतं.

डॉक्टरीणबाईनं अंदाजानंच स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दुपार कलली तसे आबा हुशार झाले. मी चहा आणायला गेले आणि परत आले तर दारातच थांबले. आबा माझ्या लेकीला जवळ बोलावून चंचीच्या आतल्या कप्प्यातून काहीतरी काढून देत होते. कागदात गुंडाळलेली एकच गोळी होती. पुढच्या जत्रेसाठी बाजूला ठेवलेली.

"डाक्टरला दाव," ते हळूच म्हणाले. "पर तुझ्या आईच्या हातात दिऊ नगंस. जाळंल ती."

मी चहाचा ग्लास घेऊन तशीच जिन्यात जाऊन बसले आणि रडले. बापाला माझी भीती वाटते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

ती गोळी लेकीनं कॉलेजात नेली आणि तिच्या बाईंच्या मदतीनं प्रयोगशाळेत तपासली. स्टिरॉइड निघालं, त्याच्या जोडीला दुखण्याचं भारी औषध. मुळी नावालाही नव्हती. डॉक्टरीणबाईनं आबांना नीट मोजून औषध लावून दिलं, हळूहळू कमी करायचं. चेहऱ्यावरची सूज उतरली. काठी परत आली.

लेक वादविवादात हरली की जिंकली, हे मी विचारलंच नव्हतं. डिसेंबरात विचारलं. दुसरी आली होती. मी म्हटलं, "अगं, पण आबांचे गुडघे दुखत होते. ती पोरं मजेसाठी घेतात. दोन्ही सारखंच कसं?"

"सारखं नाही," ती म्हणाली. "पण आई, आबाही नाचायलाच घेत होते."

नशेच्या गोळीला माझं मन अजून राजी होत नाही. पण त्या पोरांच्या आया माझ्यासारख्याच असणार, एवढं मला कळतं.

चैत्रात जत्रेला टेबल टाकायची कल्पना लेकीची. ज्याच्या खिशात जी गोळी असेल ती त्यानं आणून दाखवावी. पाकिटावर नाव असेल तर आम्ही सांगू कशाची आहे ते. नाव नसेल तर सरळ सांगू की माहीत नाही, घेऊ नका. पण बरेच महिने घेत असाल तर आपल्या मनानं एकदम सोडूही नका, डॉक्टरकडं जा. कुणी एखादी गोळी ठेवून गेला तर त्याला नंबराची चिठ्ठी द्यायची आणि गोळी कॉलेजात तपासायला न्यायची. नाव विचारायचं नाही. आणि शेवटची अट माझ्यासाठी होती. "ओरडायचं नाही. ओरडलीस तर तू उठायचंस आणि मी एकटी बसेन."

जत्रा कमिटीतले एक तात्या आडवे आले. "ताई, टेबल टाकलं म्हंजी लोकास्नी वाटंल, गोळ्या खावा आन् नाचा. तुमी परवानगीच दिल्यासारकं हुतंय." माझं वाक्य, शब्दाला शब्द. फक्त तात्यांच्या मिशीतून आलेलं. लेक माझ्याकडं बघून हसली. मी म्हटलं, "तात्या, खाणारे तुमच्या माझ्या परवानगीला थांबल्यात व्हय? निदान काय खात्यात ते तरी कळू द्या." तात्यांनी ढोलापासून लांब, लिंबाखाली जागा दिली.

पहिला तासभर कुणी फिरकलं नाही. मग एक म्हातारी आली, मग झगा घातलेले दोघं, मग रांगच लागली. काय काय निघालं त्या खिशांतून! सुनेच्या रक्तदाबाच्या गोळ्या गुडघ्यासाठी घेणारा, बैलाचं मलम पाठीला लावणारा. एकानं तर चार वर्षांपूर्वीच्या गोळ्या इतक्या जपून आणल्या होत्या की मी जीभ चावून गप्प बसले. लेक टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती.

ढोल जोरात लागले होते. मी खाली बघून चिठ्ठीवर नंबर घालत होते. पुढच्या माणसानं टेबलावर मूठ उघडली. काळी गोळी. आणि तळहात माझ्या ओळखीचा.

मी वर बघितलं. आबा. पांढरा झगा, फेटा, एका हातात काठी.

"आबा!"

"नाव इचारायचं न्हाय, आसं सांगितलंय न्हवं तुमी?"

लेकीचा पाय माझ्या पायावर आला. तोंडापर्यंत आलेलं सगळं मी गिळलं. "कुणी दिली?" हेसुद्धा गिळलं. आवाज सारखा करून विचारलं, "घेतली का ह्यातली?"

"घेतली आसती तर रांगंत कशाला हुबा ऱ्हायलो आसतो?" आबा म्हणाले. "सकाळीच एकानं हातावर ठिवली. म्हणला, आज नाचायला हुईल. म्हणलं, आधी पोरीला दावावी."

लेकीनं त्यांना सांगितलं, की ही तशीच दिसते, तुमच्या चालू औषधावर घेणं धोक्याचं आहे. आबांनी ऐकून घेतलं, गोळी माझ्यासमोरच्या वाटीत टाकली आणि नंबराची चिठ्ठी मागून घेतली. ती घडी घालून त्यांनी चंचीत ठेवली.

मग काठी माझ्या टेबलाला टेकवून म्हणाले, "एकच फेरा घेतो, हळू. काठीवर ध्यान ठेव," आणि गोलाकडं गेले.