ससा दिसला आणि स्कोप घ्यायचा राहिला

मंडळी, आज डोक्याचा पार गोंधळ झालाय.

इथे परदेशात, फेल्डहोवनला आल्यापासून मी शूटिंग क्लबला जाते. कॉलेजात एनसीसीत रायफल धरली होती, तेवढाच अनुभव. आता स्वतःची रायफल घेतलीय. तिच्यावर बसवायला स्वस्तातला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हवी होती. क्लबातले सत्तरीचे हेंक शिकारही करतात. ते आज दुकानात सोबत आले.

दुकानदाराने विचारलं, “टार्गेटसाठी की शिकारीसाठी?”

मी म्हटलं, “टार्गेट.”

हेंक म्हणाले, “शिकारीचाच घे. अंधुक उजेडातही दिसतं, दोन्हीकडे चालतो. शिकारीच्या परवान्याची परीक्षा दे, मग माझ्याबरोबर चल.”

नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणे, “एकात दोन कामं होतायत, घे की!”

दुकानामागे शेत होतं. दुकानदाराने मागचं दार उघडून स्कोप हातात दिला. बघते तर लांबवर एक ससा गवत खात बसलेला. मिशासुद्धा हलताना दिसत होत्या. इतका गोड! आणि त्याच क्षणी मी श्वास रोखला, बोट आपोआप वाकलं. हातात रायफल नव्हती, तरीही.

“विचार करून सांगते,” म्हणाले आणि सायकल काढून घरी आले.

हेंकवर राग नाही. मटण तर मीही आवडीने खाते. मग मी घाबरले कशाला? सशाला मारावं लागेल म्हणून, की ते मला सहज जमेल म्हणून?

तुम्ही असता तर कुठला स्कोप घेतला असता?