काच खाली करायची नाही

काचांना काळी फिल्म लावून गाडी घरी आली, त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा अशा फिल्मला आजच्यासारखी मनाई नव्हती, हे आधी सांगते, नाहीतर तुम्ही तिकडे बसून हसाल. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. लाल दिव्याच्या, काळ्या काचांच्या गाड्या रोज आमच्या रस्त्यावरून सुसाट जायच्या. पण आमच्या जुन्या छोट्या गाडीला मी हौसेने काळं केलं नव्हतं.

तुमच्या आजोबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन बरेच आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणत, डोळे उत्तम आहेत, आता बाहेर पडा. हे मात्र उजेड टोचतो म्हणून मागच्या खोलीत पडदे ओढून बसत. पेपर नाही, फिरणं नाही. दारात कोणी आलं तरी आतूनच बोलायचं. मला भीती एकच होती, की हा माणूस आता त्या खोलीतून बाहेरच येणार नाही. दसऱ्याला थोरल्या बहिणीकडे सोनं द्यायला जाणं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. यंदा तेही जमणार नाही म्हणाले, तेव्हा मी गाडी भनपुरीच्या दुकानात नेली आणि काचा काळ्या करून आणल्या.

दुकानदाराने बजावलं होतं: फिल्म आतून चिकटवली आहे, आठवडाभर काच खाली करायची नाही, आतून पुसायचीही नाही. पाण्याचे फुगे दिसतील, ते आपोआप सुकतील.

माझ्या घरात आपोआप काही होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी चहाच्या आधी मी गाडीपाशी. फुगे तिथेच. दुपारी पुन्हा. डाव्या काचेच्या कोपऱ्यात साबुदाण्याएवढा एक फुगा होता, तो दाबून बाहेर काढायला बोटं शिवशिवायची. एरवी मी काचा व्हिनेगर आणि जुन्या वर्तमानपत्राने लख्ख करते, आता तेही बंद. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडची काळी भुकटी मात्र रोज बसायची. ती बाहेरून पुसायला हरकत नव्हती, म्हणून आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा शाम्पूच्या पाण्यात पिळून मी बाहेरून पुसत राहायची, आणि तो आतला फुगा जागचा हलायचा नाही. काच पुसायचं निळं फवाऱ्याचं औषध मी कपाटावर चढवून ठेवलं, हात जाऊ नये म्हणून. कोणी चुकून काच उघडू नये म्हणून चारी हँडलांना रुमाल बांधले.

दसरा आला तेव्हा आठवडा पुरा व्हायचा होता. गाडीला हार घातला, हळदकुंकू बॉनेटलाच वाहिलं. आजोबा काळा चष्मा लावून, मान खाली घालून, भिंतीला हात लावत बाहेर आले.

"ऊन आहे का?"

"आहे. पण गाडीत लागणार नाही."

मीच चालवत होते. ते शेजारी, आपट्याची पानं मुठीत धरून, डोळे मिटून. सिग्नलला पोट्टे काचेला नाक लावून आत कोण मंत्री आहे ते बघत होते. वन्संच्या पाऱ्यात, म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यात, पोचलो तर त्यांच्या अंगणात लख्ख ऊन. हे उतरेनात.

"तूच दे सोनं. सांग, पुढच्या वर्षी येतो."

मी पानं घेऊन गेले. वन्संनी हात पुढे केला नाही. "मले त्याच्या हातचं पाहिजे," म्हणाल्या, आणि काठी टेकत, दुखरे गुडघे घेऊन पायऱ्या उतरल्या. माझ्या हातातली पानं घेऊन त्यांनी ती गाडीच्या टपावर ठेवली आणि काचेवर बोटाने टकटक केलं.

"काहून रे, मंत्री झाला का तू? बहिणीले काच खाली करून भेटत नाही?"

"ताई, उजेड लागते," आतून आवाज आला.

"लागू दे. तू तर दिसूनच नाही राहिला. माझंच तोंड दिसून राहिलं, अन् ते मले घरीच दिसते."

"वन्सं, काच उघडायची नाहीये," मी म्हणाले. "फिल्म निघेल. अजून सुकली नाही."

"तर मग फिल्म सुकली की सांग. तवरक मी उन्हात उभी राहतो."

आणि त्या खरंच उभ्या राहिल्या. मी दुकानदाराने सांगितलेलं सगळं पुन्हा सांगू लागले, तेवढ्यात आत रुमाल बांधलेलं हँडल कुरकुरलं. काच चार बोटं खाली आली, थांबली, मग सबंध खाली गेली. फिल्म रबरात अडकून दुधावरच्या सायीसारखी गोळा झाली. माझा हात नकळत पुढे गेला आणि तसाच राहिला. आजोबांनी टपावरून पानं चाचपून घेतली, बहिणीच्या हातात दिली आणि खिडकीतूनच डोकं वाकवलं.

"चष्मा काढ. पाहू दे डोळे."

त्यांनी काढला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ते बहिणीकडे बघत राहिले.

"तुझे केस पार पांढरे झाले, ताई."

"कधीचेच झाले. तुले आज दिसले."

मग ते दार उघडून उतरले आणि बहिणीचा हात धरून अंगणात गेले.

परतताना काच अर्ध्यावर अडकली. सुटलेली फिल्म वाऱ्याने फडफडत होती, आणि माझं अर्धं लक्ष तिच्याकडे. आजोबांनी ती अंगठ्याखाली दाबून धरली होती आणि चष्म्याआडून नव्या सरकारी कार्यालयांच्या पाट्या एकेक वाचत होते.

"दुकानात जाऊ या का?" मी विचारलं. "लगेच दाबून बसवली तर अजून चिकटेल."

"आधी सरळ घे," ते म्हणाले. "हा नवा रस्ता कुठपर्यंत झाला, ते मला बघायचंय."