मोजे काढा

मूल तापलंय म्हणून कुणी आलं की आमच्या मुलुंडच्या डॉक्टरीणबाई आधी एकच हुकूम सोडत, "मोजे काढा." एरवी मुंबईत मोजे कोण घालतं? पण ताप आला की आपल्याकडे मुलाला कानटोपी, स्वेटर, मोजे, सगळं चढवतात. बाई ते उतरवून मुलाला खिडकीपाशी नेत आणि टाळूपासून तळपायापर्यंत बघत. बाहेर बाकावरच्या आया कुजबुजत, "सर्दीसाठी आलोय, अंघोळीला नाही." आतून आवाज येई, "अंघोळ पण घालीन. पाणी तापवू?"

थर्मामीटरचे आकडे घडाघडा सांगणाऱ्या बापाला त्या म्हणत, "आकडा राहू दे. पोर खेळतंय का, ते सांग." मूल हसत असलं तर कितीही तापाला त्या घाबरत नसत. गप्प, मलूल मूल दिसलं की मात्र लगेच खुर्चीतून उठत.

इरा, तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. एके दिवशी सकाळी ताप आला आणि दुपारी तू आईच्या खांद्यावरून मान उचलेनाशी झालीस. तुला गुंडाळून तुझी आई आणि मी दवाखान्यात गेलो. तुझ्या आईलाही लहानपणी बाईंचंच औषध असायचं.

"मोजे काढ तिचे."

"अहो डॉक्टर, पाय गार पडलेत."

"म्हणूनच काढ गं. अंग एवढं तापलंय आणि पाय गार?"

डाव्या घोट्याजवळ चारपाच जांभळट ठिपके होते. मला वाटलं, डास चावले. बाईंनी टेबलावरचा काचेचा ग्लास बेसिनमध्ये रिकामा केला आणि ठिपक्यांवर दाबून धरला. साधं पुरळ दाबलं की फिकं पडतं. हे काचेतून तसंच दिसत राहिलं.

"रंग जात नाही," त्या म्हणाल्या. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मेनिन्गोकॉकस नावाचा जंतू रक्तात शिरल्याची ती खूण होती. त्यात काही तासांत मूल हातचं जातं. बाईंनी तिथेच इंजेक्शन दिलं, हॉस्पिटलला फोन केला, बाहेरच्यांना "आज दवाखाना बंद" असं सांगितलं आणि आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. तुझी आई रडत होती. "रड, पण हाक मारत राहा तिला," एवढंच त्या म्हणाल्या.

तू वाचलीस. रक्त न पोचल्याने डाव्या पायाची दोन बोटं मात्र गेली. ती उंदराने खाल्ली, असं तू शाळेत सांगायचीस.

परवा बाई गेल्या, म्हणून हे लिहिते आहे. डिसेंबरात तुम्ही दोघं भावंडं परदेशातून आलात तेव्हा तुला घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मला त्यांनी नवी नर्स समजून उशिराबद्दल झापलं. मग तुझ्या पायांकडे नजर गेली. तिकडच्या थंडीतल्या सवयीने तू मोजे घातले होतेस.

"मोजे काढ."

तू माझ्याकडे बघितलंस आणि काढलेस. बाईंनी तुझा पाय मांडीवर घेतला. बोटांच्या रिकाम्या जागेबद्दल काही विचारलं नाही. घोट्याजवळ अंगठा दाबला, उचलला, नीट बघितलं.

"जातोय रंग," त्या मला म्हणाल्या. "घरी न्या हिला."