लेकीचं नव्हे, कार्डाचं तिकीट

स्टाफरूममध्ये हल्ली कोणी ना कोणी विचारतं, "मॅडम, ते विमानप्रवासाचं क्रेडिट कार्ड घ्यावं का? तुमच्याकडं होतं ना?" मी लातूरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि हिशेबात कच्ची नाही, म्हणून विचारत असावेत. मी सरळ सांगते. महिन्याआड विमानानं फिरत असाल तर घ्या, आपल्यासारख्यांना परवडत नाही. दर वर्षाची फी आहे. पेट्रोलवर पॉइंट नाहीत, घरभाड्यावर नाहीत. पॉइंटांवर तिकीट काढलं तरी त्यावरचा कर आपल्यालाच भरावा लागतो. लाउंजमध्ये फुकट खायला मिळतं म्हणतात, पण नांदेडच्या विमानतळावर मला तरी तसली खोली दिसली नाही.

"मग तुम्ही कशाला घेतलं?" असं कोणी पुढं विचारलं की मी पेपर तपासायला ओढते.

मी घेतलं ते मायसाठी. खरं म्हणजे बाबांमुळं.

आमचं गाव भोकर तालुक्यात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मला भाऊ नाही. बाबांनी मला नांदेडला होस्टेलवर ठेवलं, तेव्हा भावकीतले म्हणाले, पोरीवर घालवलेला पैसा सासरी जातो. बाबा म्हणाले, जाऊ द्या. तेच बाबा माझं लग्न झाल्यापासून माझ्या घरचा चहासुद्धा फुकट पीत नाहीत. त्यांचे वडील तर लेकीच्या गावचं पाणीही पीत नसत. बाबा एवढं सुधारले की चहा पितात, जेवतात आणि निघताना बशीखाली नोट ठेवतात. मी ओरडते. ते पायताण घालत म्हणतात, "तुला कुठं देऊन राहिलो? बशीला देऊन राहिलो."

मायच्या मणक्याचं ऑपरेशन पुण्याला झालं. नांदेडच्या डॉक्टरांनीच तिकडं पाठवलं होतं. सगळा खर्च बाबांनी केला, मला हात लावू दिला नाही. परत येताना ट्रॅव्हल्समध्ये मी तिच्यासोबत होते. प्रत्येक गतिरोधकाला ती माझं मनगट धरायची. अहमदपूर गेलं तेव्हा माझ्या हातावर तिच्या नखांचे वण उठले होते, आणि ती मात्र एकदाही "आई गं" म्हणाली नव्हती. भोकरला उतरल्यावर एवढंच म्हणाली, "आता परत न्हाई माय त्या गाडीत."

डॉक्टरांनी सहा महिन्यांनी दाखवायला बोलावलं होतं.

मी बाबांना म्हणाले, "नांदेडहून विमान आहे. मी तिकिटं काढते."

"लेकीच्या पैशानं विमानात बसू? लोकाला काय सांगू?"

"लोक आलते का पुण्याला?"

"तू शिकली म्हणून लई बोलती. बसनं जाऊ. हळू चालव म्हणू ड्रायव्हरला."

त्याच आठवड्यात कार्डवाल्या बाईंचा फोन आला. एरवी मी असले फोन कापते. त्या दिवशी पूर्ण ऐकला. त्या म्हणत होत्या, खर्च तुम्ही करताच मॅडम, तिकीट आमच्याकडून. "आमच्याकडून" हा एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला. तिकीट माझं नाही म्हटल्यावर बाबांचा आक्षेप कशाला राहील?

रात्री कागदावर मांडून पाहिलं. तोट्याचाच व्यवहार होता. नवरा माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "मॅडम, सरळ पैसे देऊन तिकीट घेतलं तर स्वस्त पडतंय की."

"स्वस्त पडतंय, पण बाबा बसत नाहीत."

"म्हणजे तू बाबांची समजूत विकत घेऊन राहिली." त्याचं चुकलं नव्हतं.

मग मी सगळं त्या कार्डावर घ्यायला लागले. किराणा, लेकीची पुस्तकं, स्कूटीचं टायर. एका सहकारी मॅडमचा फ्रिजसुद्धा मी माझ्या कार्डावर घेतला आणि त्यांच्याकडून रोख पैसे घेतले. दुकानदार हसला, "मॅडम, फ्रिज कोणाचा, बिल कोणाचं?" फोनवर पॉइंट वाढताना बघून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, परीक्षेचे मार्क वाढावेत तसं वाटायचं.

सहा महिने झाले, तेव्हा पॉइंट एका तिकिटापुरतेच होते. मी मायला फोनवर म्हणाले, "थोडं थांब. एवढ्यात होतंय."

"थांबते की," माय म्हणाली.

ती थांबली. दिवाळी गेली. संक्रांतीला मी गावी गेले, तर ती भिंतीला धरून न्हाणीत जात होती. मी दिसल्यावर भिंत सोडून सरळ उभी राहिली. मी तिकडं आकडे बघून राहिले होते आणि ती इकडं भिंत धरून चालत होती. पैसे माझ्या खात्यात होते. त्या दिवशीच तिकिटं काढता आली असती. एका माणसानं हो म्हणावं यासाठी आम्ही दोघी अडून बसलो होतो.

पुरेसे पॉइंट झाले तेव्हा मी कार्ड घेऊनच गावी गेले. बाबांनी ते उलटसुलट केलं, नखानं खरवडून पाहिलं.

"फुकट?"

"फुकट, बाबा. बँक देते. खर्च केला की बक्षीस."

"बक्षीस कोणाला?"

"मला."

"मग तुझंच झालं की."

तेवढ्यात माय बाजेवरून बोलली. तिचा आवाज चढला नव्हता.

"लेकीचं नको, बँकेचं नको. मग मला हितंच राहू द्या. पण बसमध्ये मी पाय ठेवत न्हाई, आत्ताच सांगते."

बाबांनी कार्ड परत एकदा उलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ही स्कीम हाय. बँकेची स्कीम."

ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, "हाव बाबा. स्कीमच आहे."

दोघांची तिकिटं पॉइंटांत बसली. कर मी भरला आणि माझं तिकीट पैशानं काढलं. यातलं काहीच त्यांना सांगितलं नाही.

नांदेडच्या विमानतळावर बाबा पांढऱ्याशुभ्र धोतर-टोपीत ताठ बसले होते. मायसाठी व्हीलचेअर आली होती. हिमायतनगरकडचे एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांनी नवलानं विचारलं, "काय हो पाटील, तुम्ही विमानानं? पोरीनं काढलं का तिकीट?"

बाबा पटकन म्हणाले, "न्हाई न्हाई. बँकेची स्कीम हाय. पेशंट असला की देत्यात."

मी शेजारी उभी होते. एका हातात मायच्या फाइली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. त्या गृहस्थांनी मलाच विचारलं, "कोणती बँक वं बाई?" मी बँकेचं नाव सांगितलं. माय मान वर करून माझ्याकडं बघत होती. मी बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले.

पुण्याला डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. फार बिघडलेलं नाही, पण लवकर यायला हवं होतं. पुढची तपासणी चुकवू नका. बाबांनी मान डोलावली. मीही डोलावली.

परतताना नांदेडहून गाडी करून मी दोघांना हळूहळू लातूरला आणलं; चार दिवस ते माझ्याकडं राहिले. ते गेल्यावर मी सवयीनं बशी उचलून पाहिली. नोट नव्हती. इतकी वर्षं त्या नोटेवरून मी भांडत आले. आता ती नाही म्हटल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण मला कळलं, हा मुक्कामही बाबांनी पुण्याच्या फेरीतच धरला होता, आणि त्या फेरीत मी त्यांच्या लेखी काही दिलंच नव्हतं. जे दिलं ते बँकेनं दिलं. उपकार कोणाचा नव्हता म्हणून परतफेडही नव्हती.

मागच्या महिन्यात कार्डाच्या वर्षाच्या फीचा मेसेज आला. मायच्या तपासणीची तारीखही जवळ आली होती. नवरा म्हणाला, "ठेव अजून एक वर्ष. बाबा बसत्यात ना विमानात, मग झालं." त्याचंही खरं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि कार्ड बंद केलं.

काल बाबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, ती बँकेची स्कीम चालू हाय का अजून?"

"बंद झाली, बाबा."

"मग आता?"

"मी आहे ना. माझ्या पगारातून तिकिटं काढते. तिघांची."

फोन चालूच होता. मागून मायचा आवाज ऐकू येत होता, "काय म्हणती हो? काय म्हणती?" आणि बाबा तिला काही सांगत नव्हते.