कुत्र्यासाठी मोडलेली रास

आमचा कुत्रा गेला तो भर पावसाळ्यातल्या एका उघडिपीच्या सकाळी. गोठ्याच्या दारात रोजच्या जागी पडला होता. आई धार काढून उठली तरी तो उठला नाही. तिनं त्याच्या पोटावर हात ठेवून पाहिलं आणि मला हाक मारली. रविवार म्हणून मी गावी आले होते. एरवी बेळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या कपाटात आहे ते मला माहीत असतं, असा माझा समज आहे.

आई रडली, पण थोडंच. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ह्याला पुरायचा न्हाय. जाळायचा."

का, ते मला विचारावं लागलं नाही. ह्याच्या आधीची कुत्री आम्ही शेताच्या कोपऱ्यात पुरली होती, वर एक दगड ठेवला होता. उचगावच्या पुढं आमच्या बाजूला सगळी भाताचीच शेतं. पुढच्या वर्षी चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याला त्या दगडाचं काय ठाऊक? त्यानं दगड बांधावर भिरकावला आणि कोपरासुद्धा सोडला नाही. आई रोप लावायला गुडघाभर चिखलात उतरली तेव्हा तिच्या हाताला कुत्रीच्या गळ्यातला पट्टा लागला. आणखी काय काय लागलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही. तो कोपरा आता दुसऱ्या बायका लावतात.

अडचण होती ती आप्पांची. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. घर एकच, चुली दोन. गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं आप्पांना, कारण चिता रचावी तर त्यांनीच. भर पावसातसुद्धा आप्पांनी रचलेली चिता विझत नाही, असं लोक सांगतात. लोक सांगायला विसरले तर आप्पा स्वतः सांगतात.

आईचे ते थोरले दीर. चाळीस वर्षं एका आढ्याखाली काढून ही दोघं एकमेकांशी थेट बोललेली मी पाहिली नव्हती. मधे कुणीतरी लागतं, आणि मला बोलता यायला लागल्यापासून ते काम माझ्याकडं आहे. दोघं चार हातांवर उभी असतात, दोघांना सगळं ऐकू येत असतं, तरी मी मधे हवीच.

"आईला सांग गं," आप्पा म्हणाले, "कुत्र्याला कोण जाळत न्हाय. खड्डा काढा, मीठ घाला, इषय संपला."

"आप्पांस्नी सांग," आई म्हणाली, "मी काय स्मशान मागत न्हाय. आपल्या माळावर, खडकावर जाळणार. तिथं नांगर येत न्हाय."

"लाकडं कुठली आणणार म्हणावं? सगळी चिंब भिजल्यात."

"लाकडं नकोत. माझ्या शेणी हाईत."

इथं आप्पांचा आवाज चढला. "रास मोडणार? खुळी का काय! भर पावसात रास फोडली की गेली. गणपतीपातूर अंघोळीचं पाणी कशावर तापणार म्हणावं?"

त्यांचं चुकत नव्हतं. आई सगळा उन्हाळा शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापते, वाळवते आणि मृगाच्या आधी परसात त्यांची रास घालते. एकीवर एक, दाबून, बोटभर फट न ठेवता. वरून ओल्या शेणानं लिंपते, म्हणजे आत वारा जात नाही, पाणी जात नाही. आईची रास गावात नावाजलेली आहे. ती एकदा फोडली की पावसात पुन्हा लिंपता येत नाही, लिंपण वाळतच नाही.

मी आईकडं पाहिलं. ती काही निरोप देईना. तिनं गोठ्यातली कुदळ उचलली, परसात गेली आणि राशीच्या बरोबर मधोमध घाव घातला. लिंपणाचा खपला धपकन खाली पडला. खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी माझी आई, आणि पदर तेव्हाही ढळला नव्हता.

कुत्र्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून मी उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होता. आईनं बुट्ट्या भरभरून शेणी माळावर नेल्या, पाच खेपा झाल्या. मग आम्ही दोघी रचायला बसलो. आईचे हात भराभर चालत होते, सवयीचेच होते ते. खाली थर, त्यावर कुत्रा, वर पुन्हा थर, चारी बाजूंनी घट्ट. एका शेणीवर आईच्या पाच बोटांशेजारी त्याच्या पंजाचा ठसा होता. ओल्या शेणींवरून चालत जायची त्याला खोड होती आणि त्यासाठी त्यानं भरपूर शिव्या खाल्ल्या होत्या. आईनं ती शेणी क्षणभर हातात धरली आणि त्याच्या छातीवर ठेवली.

कापूर लावला. धूर झाला आणि विझला. पुन्हा लावला. तूप ओतलं, सुकं खोबरं घातलं, मी फुंकून फुंकून लाल झाले. नुसता धूर. मी मोबाईल काढून काहीतरी शोधायला गेले तर माळावर रेंज नाही. पश्चिमेकडं आभाळ भरत चाललं होतं आणि आईचा चेहरा बघवत नव्हता. आता हा अर्धवट भाजलेला इथंच राहणार, आणि मग पुन्हा खड्डाच काढावा लागणार, हे तिलाही कळत होतं.

तेवढ्यात बांधावर छत्री दिसली. आप्पा आमच्या मागोमाग आले होते आणि किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांची नजर कुत्र्यावर नव्हती, रचणीवर होती. लिहिणाऱ्यानं चुकीचं शुद्धलेखन बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी त्यांना राहवेना. छत्री टाकून ते तरातरा आले.

"अगं, ही चिता हाय का रास?" ते ओरडले. "कुठं फट न्हाय, काय न्हाय! वारा कुठनं शिरंल? काढ. समदं काढ."

ते आईशी बोलत होते. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "आईला सांग" येईल म्हणून मी वाट पाहिली, पण आलं नाही.

आमची चूक तेव्हा माझ्या डोक्यात शिरली. आमच्याकडं मयताच्या शेणी बायका थापतात, पण बायका स्मशानात जात नाहीत. आईच्या हातच्या शेणींवर निम्मं गाव जळलं असेल. त्या शेणी तिथं कशा लावतात ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तिला शेणी रचायची एकच तऱ्हा ठाऊक होती, वारा-पाणी आत न शिरू देणारी. तिनं कुत्र्याची चिता नव्हे, पावसाळ्याची रास घातली होती.

"ही उभी धर," आप्पा सांगत होते. "हिला तिरकी टेकव. मधी वाट ठेव, हात जाईल एवढी. आता वाऱ्याकडंचं तोंड मोकळं सोड."

"अशी?" आईनं विचारलं. थेट.

"व्हय. लई बेस."

कापराची शेवटची वडी आप्पांनी पेटवली, शेणीच्या तुकड्यावर ठेवली आणि आईपुढं धरली. "तूच लाव. तुझा हुता."

आईनं लावली. पहिल्यांदा आत कुठंतरी बारीक तडतड झाली, मग मधल्या वाटेनं वारा शिरला आणि जाळ सरळ वर आला. धूर संपला. मला हुंदका आला आणि हसूही आलं, आणि मी दोन्ही आवरलं नाही.

आई जाळाकडं बघत होती. बघता बघता तिनं विचारलं, "ह्यांचंबी असंच झालतं?"

माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या दिवशी शेणी आईच्याच गेल्या होत्या, आणि आई उंबऱ्याच्या आत बसून होती.

"असंच," आप्पा म्हणाले. "मीच रचलतं. एकदम चांगलं जळलं. तुझ्या शेणी वाळलेल्या असत्यात."

आईनं मान हलवली. चार थेंब पडले, जाळाला त्यांचं काहीच वाटलं नाही. आप्पांनी छत्री उचलली आणि म्हणाले, "चल आता. बायकांनी थांबायचं नसतं."

"तुमी व्हा म्होरं," आई त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली. "मी सगळं हुस्तोवर थांबणार हाय."

आप्पा गेले नाहीत. छत्री उघडून ते तिच्या शेजारी उभे राहिले.